समुद्राकडे पाठ

समुद्रावर गेलं की माणूस समुद्राकडे बघत उभा राहतो. हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्या आंजर्ल्याच्या पुळणीवर मुंबई-पुण्याची माणसं गाडीतून उतरतात आणि पाय वाळूला लागायच्या आत त्यांची तोंडं पश्चिमेला झालेली असतात. मागे सुरूचं बन असतं, त्यामागे माडांचे शेंडे आणि कौलं असतात. तिकडे कुणाचं लक्ष नसतं. मी त्या गावची, तरी मीही जन्मभर तशीच उभी राहत आले. म्हणून फ्रान्सच्या नॉर्मंडीत सहलीच्या गाइडबाईंनी आम्हाला ओमाहा नावाच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूतून चालवत पार पाण्याच्या कडेपर्यंत नेलं आणि बुटाच्या टोकाला लाट लागल्यावर सांगितलं, "आता मागे वळा," तेव्हा मी क्षणभर बावरलेच.

वळल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सकाळपासून त्या सतत बोलत होत्या, त्यामुळे ती शांतता आम्हा सातही जणांना जाणवली. समोर सपाट, चकचकीत वाळू होती, सुमारे 300 मीटर. त्यावर एक झुडूप नाही, खडक नाही, आडोसा म्हणावा असं काही नाही. वाळू संपते तिथे गोट्यांची एक पट्टी, आणि तिच्यामागे गवताने झाकलेली टेकाडांची लांबच लांब रांग. टेकाडं तशी फार उंच नाहीत. पण पाण्यात उभं राहून बघितलं की ती आपल्याकडे वाकून बघत असल्यासारखी दिसतात. बाई एवढंच म्हणाल्या, "6 जून 1944. सकाळचे साडेसहा. पाठीवर 30 किलोचं ओझं आहे, कपडे भिजलेत, आणि तुम्हाला त्या गवतापर्यंत पोचायचंय." मग त्या पुढे चालू लागल्या. आम्ही मागून. वाळू बुटाखाली दबत होती, पाय जड होत होते, आणि ते गवत काही जवळ येत नव्हतं.

माझ्या आजीचं एक वाक्य मला तिथे आठवलं. मुंबईहून बोटीने आलेल्या माणसाला तेव्हा हर्णैला उतरावं लागे. बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब समुद्रात उभी राही आणि पडाव तिच्याकडे जात. हेलकावणाऱ्या बोटीवरून हेलकावणाऱ्या पडावात पाय टाकायचा. कडेवर मूल, हातात बोचकं. आजी सांगायची, खाली पाण्याकडे बघायचं नाही, खलाशाच्या हाताकडे बघायचं. आणि पडावात बसल्यावर? "किनारा दिसतो जवळ गो, पण येत नाही." ती हे अगदी सहज म्हणायची. तिला माहेरी जायचं असायचं आणि तिथे तिची आई वाट बघत असायची.

उतरणं या आपल्या शब्दात किती काय काय आहे. ताप उतरतो, भाव उतरतो, चेहरा उतरतो. पाहुणा कुठे उतरला ते विचारतात. बोटीने आणि गाडीने जाणाऱ्याला आपण उतारू म्हणतो. तो चढतो तेव्हाही त्याचं नाव उतारूच असतं, जणू कधीतरी सुखरूप उतरणं हेच त्याच्या असण्याचं कारण. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या सकाळी, जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्मंडीत सैन्य उतरवायला आलेली मोठी जहाजं ओमाहासमोर किनाऱ्यापासून सुमारे 18 किलोमीटरवर थांबली होती. जाळ्यांवरून खाली उतरून अमेरिकन सैन्यातली पोरं सपाट बुडाच्या होड्यांत बसली. एका होडीत तीसेक जण. समुद्र खवळलेला. तीन-तीन तास ती त्या होड्यांत होती. उलट्या करत होती, आत येणारं पाणी शिरस्त्राणांनी उपसून बाहेर टाकत होती. मग समोरची फळी पडली. पाण्यावर तरंगतील असे रणगाडे त्यांच्या आधी किनाऱ्याला लागायचे होते. त्यांच्या एका तुकडीने 29 रणगाडे लांबूनच समुद्रात सोडले, त्यांतले 27 बुडाले. दिवस मावळेपर्यंत या एका किनाऱ्यावर मेलेले, जखमी झालेले आणि बेपत्ता मिळून दोन हजारांहून जास्त जण झाले. उतरण्यासाठी निवडलेले पाचही किनारे आणि आकाशातून उतरलेले धरले, तर त्या दिवशी दीड लाखाच्या वर माणसं नॉर्मंडीत उतरली होती.

ही सहल माझ्या भाचीने ठरवली होती. ती पॅरिसला शिकते. तिने बायू गावातून निघणाऱ्या छोट्या गाडीत आमच्या दोघींच्या जागा धरल्या आणि मला म्हणाली, "आत्या, तुला समुद्र आवडतो ना?" गाडीत आम्ही सात जण. एक कॅनडाचं जोडपं, दोघे डच मित्र, आणि एक वयस्कर अमेरिकन गृहस्थ, ते एकटेच आले होते. त्यांच्या खिशात प्लास्टिकच्या पाकिटात एक फोटो होता. तो त्यांनी दुपारपर्यंत बाहेर काढला नाही.

मी बाईंना विचारलं, रोज हेच सांगायचा कंटाळा येत नाही का? त्या म्हणाल्या, "रोज हेच नसतं. मी आदल्या रात्री भरतीचं वेळापत्रक बघते. आधी कुठे न्यायचं ते समुद्र ठरवतो. भरती असेल तर तुम्हाला ही वाळू दिसणारच नाही, आणि वाळू दिसली नाही तर मी कितीही बोलले तरी उपयोग नाही." हे ऐकून मला त्या एकदम ओळखीच्या वाटल्या. आमच्या घरी अण्णा, म्हणजे माझे आजोबा, भरतीचा हिशेब तोंडी करायचे. तिथीची पाऊणपट. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पूर्ण भरती, सहा तास मागे गेलं की पहाटे पाचच्या सुमाराला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती; पौर्णिमा-अवसेला उधाण. कालवं काढायला जायचं, होडी काढायची, तर हा हिशेब पक्का हवा.

त्या उतरण्याचा दिवसही असाच हिशेबाने काढला होता. रात्री विमानातून उड्या मारणाऱ्यांना चांदणं हवं होतं, आणि पहाटे उतरणाऱ्यांना ओहोटी. जर्मनांनी वाळूत रोवलेले लोखंडी अडसर आणि त्यांना बांधलेले सुरुंग पाण्याखाली लपले असते तर होड्या त्यांवरच चढल्या असत्या. चांदणं आणि पहाटेची ओहोटी यांचा मेळ बसतो तो पौर्णिमेच्या आसपासच. लिव्हरपूलजवळ बिडस्टनला आर्थर डूडसन नावाचे एक शास्त्रज्ञ होते, कानांनी फार कमी ऐकू येणारे. पितळी चाकं आणि कप्प्यांच्या यंत्रावर त्यांनी या किनाऱ्याच्या भरती-ओहोटीचे तक्ते काढून दिले. किनारा कुठला ते त्यांना सांगितलं नव्हतं. कागदावर नुसतं 'पोझिशन झेड' होतं. दिवस ठरला 5 जून. वादळी हवेमुळे तो एका दिवसाने पुढे गेला. ओमाहाला 6 तारखेची ओहोटी पहाटे साडेपाचच्या सुमाराची. अण्णांच्या पाऊणपटीच्या इतकी जवळ! हा मेळ घड्याळाचा योगायोग आहे, हे मला कळतं. युद्धकाळात तिथली घड्याळं दोन तास पुढे केलेली होती. पण चंद्र एकच होता.

बाई पौर्णिमा म्हणाल्या आणि माझ्या मनात काहीतरी हललं. जूनची पौर्णिमा. मी भाचीला म्हटलं, तिथी बघ गं त्या दिवसाची. तिने फोनवर पंचांग काढलं आणि फोनच माझ्यापुढे धरला. ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमा.

वटपौर्णिमा.

गाडी तेव्हा दोन्ही बाजूंच्या उंच कुंपणांमधून चालली होती. माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावचा वड आला. पहिला पाऊस पडून गेल्यावरची चिकचिक, नऊवारीचा ओचा वर खोचून फेऱ्या घालणाऱ्या बायका, खोडाभोवती चढत जाणारं पांढरं सूत, पाटीतले आंबे, फणसाचे गरे. 1944 मध्ये माझी आजी विशीतली असणार. त्या सकाळी तीही वडाला गेली असणार, कारण ती कधी चुकली नाही. जगातल्या दुसऱ्या कुठल्या पुळणीवर काय चाललंय, हे तिला कळायचा मार्ग नव्हता. पण युद्ध तिच्या गावापासून फार लांबही नव्हतं. कोकणातल्या घराघरांतली पोरं मराठा पलटणीत होती आणि त्या उन्हाळ्यात त्यांतली कितीतरी इटलीत लढत होती. मुंबई-गोवा रस्त्यावर माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगावचे. 10 जुलै 1944 ला, बरोबरचे सगळे पडल्यावर, त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल करून ते घेतलं आणि तिथेच गोळी लागून गेले. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वटपौर्णिमेनंतर पाच आठवडेसुद्धा झाले नव्हते. त्या पुतळ्यासमोरून मी एसटीने शंभरदा गेले असेन. गाडीतून उतरून नीट उभी एकदाही राहिले नाही. तिथे मला मागे वळायला सांगणारं कुणी नव्हतं, एवढं एकच कारण मी देऊ शकते, आणि ते पुरेसं नाही.

संग्रहालयांबद्दल मी फार लिहीत नाही. दिवसभरात दोन पाहिली. रणगाडे, नकाशे, काचेचे डोळे लावलेले गणवेशातले पुतळे. पुतळ्यांपुढे माझं मन मिटून जातं. सेंत-मेर-एग्लिझच्या चर्चच्या शिखरावर पॅराशूट अडकलेल्या जॉन स्टील या सैनिकाची प्रतिकृती आजही लटकवून ठेवली आहे. सगळे मान वर करून फोटो काढत होते. मला त्यापेक्षा बाईंनी जाता जाता सांगितलेली गोष्ट जास्त लागली. त्यांच्या आजीने शेतात पडलेलं पॅराशूट रात्रीतून घरी आणलं, गादीत लपवलं, आणि पुढे त्यातून नातलगांच्या तीन मुलींची झबली शिवली. शिवण इतकी बारीक की उलट्या बाजूनेही दोरा दिसत नसे. ती आजी नंतर कधी किनाऱ्यावर आली नाही. त्या उन्हाळ्यात नॉर्मंडीतली सुमारे 20 हजार साधी माणसं मेली. पुष्कळशी सोडवायला आलेल्यांच्याच बाँबगोळ्यांनी. बाईंच्या आजीची बहीण त्यांत होती. हे सांगताना बाईंचा आवाज बदलला नाही. फक्त त्यांनी गाडी हळू केली.

आणि आंगोव्हिल-ओ-प्लँ. मोजक्या घरांचं गाव, आणि एक लहानसं जुनं दगडी चर्च. रॉबर्ट राइट आणि केनेथ मूर ही जेमतेम विशीतली दोन अमेरिकन पोरं, सैन्यातले वैद्यकीय मदतनीस. त्यांनी या चर्चमध्ये जखमींना आणून ठेवायला सुरुवात केली. गाव कधी अमेरिकनांकडे, कधी जर्मनांकडे. या दोघांनी दोन्हीकडच्यांना आत घेतलं. अट एकच, शस्त्र बाहेर ठेवायचं. सुमारे 80 जणांवर त्यांनी उपचार केले. छतातून एक गोळा आत पडला, फरशी तडकली, तो फुटला मात्र नाही. ती तडकलेली फरशी तशीच आहे. आणि बाकं तशीच आहेत. बाई म्हणाल्या, "बाकांवर बघा." लाकूड जुनं, हातांनी गुळगुळीत झालेलं, त्यावर गडद तपकिरी डाग. चहा सांडल्यासारखे दिसतात आधी. मग त्यांचा आकार कळतो. माणूस आडवा झाला की त्याची कंबर जिथे येईल, तिथे ते आहेत. रविवारी कधी प्रार्थना असली तर लोक याच बाकांवर बसतात, असं बाई म्हणाल्या. डच मित्रांपैकी एकाने हात पुढे केला आणि डागापासून बोटभर अंतरावर थांबवला. मी माझे हात पदरात घेतले. कॅनडाच्या बाई मात्र सरळ त्या बाकावर बसल्या, डोळे मिटून. त्यांचं बरोबर होतं असं मला आता वाटतं.

आता वाळूविषयी. मला खरं तर तिच्याविषयीच लिहायचं होतं. 1943 च्या शेवटच्या रात्री दोन इंग्रज सैनिक, मेजर लोगन स्कॉट-बोडन आणि सार्जंट ब्रूस ऑग्डेन-स्मिथ, थंड समुद्रातून पोहत या किनाऱ्याला आले. ओमाहाच्या पूर्वेला, पुढे ब्रिटिश जिथे उतरले तिथे. वर पहारा होता. ते पालथे पडून सरकत सरकत गेले आणि नळ्यांमध्ये वाळू भरून घेऊन परत पोहत निघाले. वाळू! रणगाड्यांचं वजन ती पेलेल की खाली चिखल लागेल, एवढं जाणून घ्यायला. आपल्याकडे विहीर खणायच्या आधी जाणता माणूस मूठभर माती उचलून बोटांत चुरतो, तसंच ते. आणि मग 1988 साली दोन भूशास्त्रज्ञ ओमाहाला हिंडायला आले आणि सहज थोडी वाळू बरोबर घेऊन गेले. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात लोखंडाचे कण दिसले, समुद्राने घासून घासून गोलसर झालेले. त्या नमुन्यात सुमारे 4 टक्के कण तोफगोळ्यांच्या कपच्यांचे होते. काही काचेचे मणीही होते, स्फोटाच्या धगीने वाळू वितळून झालेले. गंज त्यांना हळूहळू संपवतो आहे. बाईंनी हे सांगितलं तेव्हा आम्ही त्याच वाळूवर उभे होतो. जरा पलीकडे एक लहान मुलगी लाल बादलीने किल्ला करत होती. मी तिच्याकडे बघितलं, मग बाईंकडे. बाई म्हणाल्या, "तिला खेळू द्या. माझा मुलगाही इथेच चालायला शिकला."

टेकाडावर, त्या गवताच्या वर, अमेरिकन दफनभूमी आहे. कोलव्हिलला. 9,300 हून अधिक कबरी, पांढरे संगमरवरी क्रूस, आणि मधून मधून यहुद्यांचे तारे. कुठूनही उभं राहून बघा, ओळी सरळ जातात. दगडावर नाव, हुद्दा, तुकडी, राज्य, मृत्यूची तारीख. जन्मतारीख नाही, त्यामुळे कोण किती वर्षांचा होता ते कळत नाही. कोरलेली अक्षरंही पांढऱ्यावर पांढरी. थोडं लांब गेलं की सगळेच दगड कोरे दिसतात.

तिथे त्या वयस्कर गृहस्थांनी पाकीट बाहेर काढलं. त्यांचे काका. बाईंनी आधीच कळवून ठेवलं असावं, कारण तिथला एक तरुण कर्मचारी आमची वाटच बघत होता. त्याच्या एका हातात बादली, दुसऱ्या हातात दोन छोटे झेंडे, एक अमेरिकेचा, एक फ्रान्सचा. बाई आम्हाला घेऊन थोड्या मागे थांबल्या. पण बादलीत काय आहे ते मला दिसलं. ओली वाळू होती, खालच्या किनाऱ्यावरून आणलेली.

त्याने गुडघे टेकले. मूठभर वाळू घेतली आणि तळहाताने दगडावर चोळली, वरून खाली, मग आडवी, आमच्याकडे पूर्वी पितळेची भांडी चोळायचे तशी. सगळा दगड मातकट झाला. मग त्याने ओल्या स्पंजने दगडाचा पृष्ठभाग हलकेच पुसला. वरची वाळू गेली, खाचांतली राहिली, आणि एकेक अक्षर सोनेरी, तपकिरी होऊन वर आलं. पूर्ण नाव. इतका वेळ ते तिथे होतं आणि मला वाचता आलं नव्हतं. गृहस्थांनी फोटो दगडाजवळ धरला. फोटोत एक मुलगा गोठ्याच्या दाराशी उभा होता, बाह्या दुमडलेल्या, उन्हाने डोळे बारीक केलेले. त्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं, एकदाच, हजेरी घेताना गुरुजी वाचतात तसं, आणि उत्तराची वाट बघावी तेवढा वेळ थांबले.

कर्मचारी हळूच म्हणाला, वाळू अशीच राहू द्या, पाऊस आला की धुऊन जाईल.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. आरोमांशला उतरून समुद्रातले काँक्रीटचे अजस्र ठोकळे पाहिले. नुसत्या किनाऱ्यावर माणसांनी बाहेरून आणून उभारलेल्या बंदराचे ते अवशेष. त्यांच्यावर समुद्रपक्षी बसले होते. भाचीने माझा हात धरून ठेवला होता, लहानपणी रस्ता ओलांडताना मी तिचा धरायची तसा.

गावी परतल्यावर मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला मी पहाटे उठले. अण्णांचा हिशेब मनात केला, शाल घेतली आणि पुळणीवर गेले. सुकती होऊन गेली होती, पण पाणी अजून लांब होतं. मी चालत गेले. खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्या पायाखाली मोडत होत्या. पाण्याच्या कडेला पोचले आणि मागे वळले.

आजीने पडावातून जे बघितलं असेल ते मी या वयात पहिल्यांदा बघत होते. डोंगराच्या कडेला उजेड फुटत होता. कड्यावरच्या गणपतीचं शिखर आधी दिसलं, मग सुरूची काळी रांग, मग कुणाच्या तरी चुलीचा धूर, अगदी सरळ वर चढणारा. सगळं जवळ दिसत होतं. पुळणीच्या वरच्या अंगाला एक माणूस उभा होता, बहुतेक जाळी बघायला आलेला कोळी. तो माझ्याकडे बघून हात हलवत काहीतरी ओरडत होता. पण शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते. भरती लागली, असं म्हणत असावा. माझ्या घोट्यांना पाणी लागलं होतं. मी त्याच्या हाताकडे बघत चालायला लागले.